हवा धरलेली गाडी

लग्न होऊन मला चारच महिने झाले होते आणि मला वाटायचं, या घरात सगळ्यात शहाणी मी आहे. बारामतीच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन मी बी.एस्सी. झाले होते, वर बी.एड. केलं होतं. लोणी भापकरच्या सासरच्या घरात माझ्याखालोखाल शिक्षण म्हणजे नवऱ्याची बारावी. सासूबाई तर शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी त्यांना आत्या म्हणायचे. आत्या फार कमी बोलायच्या, आणि त्यांच्याकडं बोलण्यासारखं काही नसावं असा अर्थ मी काढून ठेवला होता. त्या वयात माणूस असले अर्थ फार पटकन काढतो.

घरात शेवटचा शब्द आबांचा. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. उंच, काळेसावळे, पांढऱ्या फेट्याचे. आत्या त्यांच्यासमोर बोलायच्या नाहीत. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही ही त्यांच्या पिढीची रीत, आणि आत्यांनी ती तीस वर्षं तंतोतंत पाळली होती. आबांना काही सांगायचं असेल तर पदर कपाळावर ओढून त्या तिसऱ्याच कुणाला तरी सांगायच्या. कुणी नसलंच तर मांजराला. "वाढलंय म्हणावं," असं त्या मांजराकडं बघून म्हणायच्या आणि आबा पानावर येऊन बसायचे. मला पहिल्यांदा हे बघून हसू आवरलं नव्हतं.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. इंदापुरातल्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा निघाली आणि मला मुलाखतीचं पत्र आलं. दुपारी बारा वाजता, मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहा. घरात माझ्या नोकरीवरून आधीच धुसफूस होती. शेवटी आबांनी निकाल दिला की ही एक मुलाखत द्यायची. मिळाली तर मिळाली, नाही मिळाली तर नोकरीचा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. म्हणजे माझ्या चार वर्षांच्या शिक्षणाचं काय होणार ते त्या एका दुपारी ठरणार होतं. मी आठ दिवस नीट जेवले नव्हते.

योगायोग असा की त्याच दिवशी आबांच्या धाकट्या मुलाचा साखरपुडा इंदापुरातच होता. सगळ्या भावकीसाठी एक बस ठरवली होती. तीत मलाही घालायचं ठरलं, आणि नवी सून एकटी शाळेत कशी जाईल म्हणून माझ्याबरोबर शाळेपर्यंत आत्या येणार होत्या. मला मनातून लाज वाटली होती. मुलाखतीला कुणी सासूला घेऊन जातं का?

बस निमगाव केतकीच्या एका माणसाची होती, लिलावात घेतलेली, जुनी. बॅटरी कमजोर असल्यामुळं ड्रायव्हर ती कायम उतारावर उभी करायचा, म्हणजे सकाळी ढकलायला सोपं जातं. आदल्या दिवशी आमच्या गावातही त्यानं पाण्याच्या टाकीजवळचा उतार शोधून काढला होता. डिझेलचा काटा तर कधीच मेलेला. त्यामुळं टाकीत बाभळीची काठी घालून ती किती भिजते ते बघायचं. सकाळी त्यानं काठी घातली, ती निम्मी भिजली, तो खूश झाला. गाडी तिरकी उभी आहे, म्हणजे आतलं सगळं डिझेल काठीच्या बाजूला गोळा झालंय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर मी तिथंच उभी होते, आणि पदार्थविज्ञानाच्या पदवीधर बाईच्याही ध्यानात आलं नाही.

बारामती मागं पडली. लासुर्णे गेलं, अंथुर्णे गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कालव्याचं पाणी चमकायचं. बायकांनी गाणी सुरू केली होती. साडेनऊच्या सुमाराला इंजिनानं दोन आचके दिले, पुन्हा जरा जोर धरला आणि ते गप्प झालं. गाडी आपल्या वेगानं थोडं पुढं जाऊन एका बाभळीखाली थांबली.

डिझेल संपलं हे कळायला वेळ लागला नाही. जवळच्या मळ्यात विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. तिथल्या शेतकऱ्यानं कॅनभर डिझेल दिलं, पाहुण्यांची गाडी म्हणून हातानं आणून ओतलंही. सगळ्यांना वाटलं, झालं काम. ड्रायव्हरनं स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, लागलं नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा झाल्यावर बॅटरीनंही मान टाकली आणि नुसता टकटक आवाज येऊ लागला.

"ढकला," ड्रायव्हर म्हणाला. त्या गाडीवरचा त्याला माहीत असलेला एकच उपाय तो होता. भावकीतले पंधरा-वीस बाप्ये धोतरं, पायजमे सावरत मागं गेले. सपाट रस्ता, भरलेली टोपली आणि नारळ आत, उन्हाचा तडाखा. गाडी हलायची, गिअर टाकला की गचका बसायचा, इंजिन घरघरायचं आणि थांबायचं. तीनदा ढकलली. सव्वादहा वाजले. मी घड्याळाकडं बघून बघून रडकुंडीला आले होते. एक सरकारी गाडी येऊन गेली, निमगावच्या बाजाराच्या माणसांनी दारापर्यंत भरलेली. मागून एक जीप गेली, तिच्या टपावरसुद्धा माणसं होती.

माझ्या दंडाला चिमटा बसला. शेजारी आत्या होत्या, कपाळावर पदर. आबा दारातच उभे होते, त्यामुळं आवाज जेमतेम माझ्यापुरता. "त्याला इचार, मागं धूर निगतोय का."

मी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "धूर कुठला ताई, फुंकर बी न्हाय."

"म्हंजे डिझेल वर पोचतच न्हाय," आत्या पुटपुटल्या. "टाकी कोरडी झाली तवा नळ्यांत हवा शिरली. त्येनं हवा धरलीय. ती काढल्याबिगर दिवसभर ढकला, काय व्हायचं न्हाय."

मी उठून उभी राहिले आणि पुस्तकी मराठीत जाहीर केलं की इंधनाच्या मार्गात हवा अडकली आहे, ती आधी बाहेर काढली पाहिजे. सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "मालकानं सांगितलंय, मिस्त्रीबिगर पंपाला हात लावायचा न्हाय." मिस्त्री बारामतीला. तो यायचा म्हणजे दोन वाजणार. आबा दारातून म्हणाले, "सूनबाई शिकल्याली हाय. ती सांगती तसं कर." मी मान खाली घातली, नम्रपणानं. आत काय चाललं होतं ते माझं मला माहीत.

त्या बसचं इंजिन आतच असायचं, ड्रायव्हरच्या शेजारी, मोठ्या झाकणाखाली. झाकण उघडलं. आत्या माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या आणि पदराआडून एक बोट पुढं आलं. त्या सांगत होत्या, मी मोठ्यानं म्हणत होते, ड्रायव्हर करत होता. डिझेल गाळायचा गोल डबा, त्याच्या डोक्यावरचा आटा सोडायचा, खालचा छोटा हातपंप दाबत राहायचं. दाबल्यावर आट्याजवळून फेस आला, ताकावर येतो तसा. ड्रायव्हरनं समाधानानं हात काढला आणि आटा आवळला.

"सोडून आवळलं," आत्या माझ्या पाठीत कुजबुजल्या. "दाबता दाबता आवळायचं आसतंय. हात काढला की हवा परत आत जाती." पुन्हा केलं. फेस संपून स्वच्छ, पिवळसर धार आली. मग पुढं, मोठ्या पंपाचा आटा. ड्रायव्हरनं विचारलं, "किती सोडू?"

मी मागं वळले. "किती?"

आत्यांनी हवेत बोटं फिरवली, जणू आटा तिथं आहे. "किती म्हंजे... हाताला कळतंय तेवढा."

"थोडासा," मी ड्रायव्हरला सांगितलं. थोडासा म्हणजे किती, हे त्याच्या हाताला माहीत नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. त्यानं पाना जोरात फिरवला, आटा सगळाच निघाला आणि खाली सांदीत जाऊन पडला. त्यानं घाईनं तो काढून वाकडाच बसवायला घेतला. आट्याचे पेच गेले असते तर बारामतीचा मिस्त्रीसुद्धा काही करू शकला नसता. आणि त्याच क्षणी आत्यांचा हात माझ्या कुशीवरून पुढं आला. बांगड्या कोपराकडं सारलेल्या, बोटं उघडी, पाना मागणारी. तो हात पुढं आला आणि हवेतच थांबला, कारण समोर दारात आबा होते.

पावणेअकरा वाजले होते. आबा त्या हाताकडं बघत होते. मला आता आठवतं की मीही त्या हाताकडं तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. तळव्याला घट्टे होते आणि अंगठ्याजवळ जुना, भाजल्याचा डाग.

आबांनी फेटा सारखा केला. कुणालाच उद्देशून नाही, असं ते म्हणाले, "मी जरा कालव्यावर पाय धुऊन येतो. समद्या बाप्यांनी खाली उतरा. ढकलायला लागंल तवा हाक मारतील." आणि ते उतरले. उसाच्या कडेच्या पायवाटेनं, गाडीकडं पाठ करून, सावकाश चालत गेले. त्यांचे पाय काही मळलेले नव्हते.

आबा वळणाआड गेले आणि आत्यांनी पदर खांद्यावरून कमरेला खोचला. "आण हिकडं," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मोकळा, विहिरीच्या काठावरून पलीकडच्या बांधाला ऐकू जाईल असा. त्यांनी आटा पुसला, जिभेनं ओला केला, दोन बोटांत धरून आधी उलटा फिरवला, पेचात बसल्याचा बारीक टक झाला तेव्हा सुलटा. सगळं न बघता. बघत होत्या त्या माझ्याकडं, आणि सांगत होत्या.

माझ्या सासऱ्यांची मेंढरं होती तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली की सासरे कळप घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडाला परत. मागं शेत, विहीर आणि दोघा भावांनी मिळून घेतलेलं डिझेल इंजिन आत्यांच्या अंगावर. पाणी द्यायची पाळी आली आणि इंजिनानं हवा धरली तर बोलवायचं कुणाला? पहिल्या वर्षी मिस्त्री आला, तेव्हा या लांब उभ्या राहून बघत राहिल्या. दुसऱ्या वर्षी बोलावला नाही.

"आपल्या इंजनाला एक नळी," त्या म्हणाल्या, "ह्याला सा. म्हंजे आपलीच सा इंजनं एका दावणीला बांधल्याली. दुसरं काय न्हाय ह्यात."

मी तीन वर्षं इंजिनांच्या आकृत्या काढल्या होत्या. सहा सिलिंडरचं इंजिन कुणी मला असं एका वाक्यात उलगडून दाखवलं नव्हतं.

मोठ्या पंपातली हवा निघाली. मग त्यांनी वरच्या सहा नळ्यांचे टोकाचे नट एकेक करून सैल केले. "हवा दाबली की दबती," त्या म्हणाल्या, "डिझेल दबत न्हाय. नळीत हवा आसली की पंप कितीबी रेटू दे, समदा जोर हवाच खाती. म्हून टोकापातूर डिझेल आणायचं." आणि खिडकीतून डोकं काढून बाप्यांना ओरडल्या, "ढकला. मी सांगस्तवर थांबू नका."

तीच माणसं, तोच रस्ता, पण आता त्या ढकलण्याला अर्थ होता. ड्रायव्हरनं गिअर टाकला, गाडी गचके खात पुढं सरकू लागली आणि इंजिन बळंबळं फिरू लागलं. आत्या उघड्या इंजिनावर ओणवलेल्या, एक हात लोखंडी दांडीला, दुसऱ्यात पाना. पहिल्या नटाजवळ बुडबुडे आले, मग एकदम टिचकी मारल्यासारखी डिझेलची पिचकारी उडाली. आत्यांनी नट आवळला. दुसरा. इंजिनानं एक खोल ढेकर दिली. बाहेर कुणीतरी म्हणालं, धूर आला. तिसरा नट आवळला आणि इंजिन लंगडत, अडखळत स्वतःच्या पायावर चालू लागलं. तीनच्या जोरावर ते थरथरत होतं, सगळी गाडी त्याच्याबरोबर थरथरत होती. चौथा आवळला, आवाज भरला. पाचवा. सहावा आवळल्यावर सगळी खडखड एका सुरात मिटली आणि पायाखालच्या पत्र्यातून तो सूर माझ्या गुडघ्यांपर्यंत चढला.

आत्यांनी तळवा इंजिनाच्या अंगावर ठेवला. गाय व्याल्यावर तिच्या पाठीवर ठेवतात तसा. त्यांच्या तोंडावर, पातळावर डिझेलचे थेंब होते. मी नुसती बघत राहिले. ही बाई चार महिने माझ्या ताटात भाकरी वाढत होती आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त, कधी देवळातही वाटलं नव्हतं तसं वाटलं, की आपण फार मोठ्या माणसासमोर उभे आहोत.

आबा परत आले तेव्हा आत्यांचा पदर कपाळावर होता आणि त्या तिसऱ्या बाकावर होत्या. आबा पुढं बसले. शेळगाव गेल्यावर मान न वळवता मला म्हणाले, "पोरी, तुझ्या आत्याला इचार. आपल्या हिरीवरचं इंजन माझ्या पाळीला हवा धरायचं, तवा आमचा गडी घटकाभरात चालू करायचा. त्यो कसा करायचा?"

आत्या खिडकीकडं बघून म्हणाल्या, "मागल्या दारानं मला बोलवायला यायचा म्हणावं."

आबांनी डोळे मिटले. त्या गड्याच्या हाताला गुण आहे म्हणून एका पाडव्याला आबांनी चारचौघांत त्याला फेटा बांधला होता, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. निमगाव मागं पडलं तेव्हा ते म्हणाले, "तिला सांग, फेटा चुकीच्या डोक्याला बांधला गेला." सांगायची गरज नव्हती. आत्या माझ्या खांद्याला खांदा लावूनच बसल्या होत्या.

बाराला पाच कमी असताना गाडी शाळेच्या दारात थांबली. मी आत गेले, आत्या व्हरांड्यात खिडकीखाली टेकल्या. समितीतल्या एका वयस्कर सरांनी माझ्या निऱ्यांवरचे डिझेलचे डाग बघितले आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं, वाटेत बसनं हवा धरली. त्यांना गंमत वाटली. मग हवेनं इंजिन का बंद पडतं ते समजावून सांगा, म्हणाले. मी सांगितलं. हवा दाबली की दबते, डिझेल दबत नाही, सगळा जोर हवाच खाते. आत्यांचीच वाक्यं, फक्त शुद्ध करून. सगळे माना डोलवायला लागले. सरांनी विचारलं, "हे इतकं नेमकं कुठं शिकलात?"

समोर माझी पदवी ठेवलेली होती. मी म्हणाले, "वाचलं होतं, सर."

खिडकी उघडी होती.

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. आबांनी स्वतः पेढे आणले. त्याच दुपारी आत्या माझ्या खोलीत आल्या, माझ्या पुस्तकांच्या फळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्ये मला दाव की."

"काय आत्या?"

"तू तितं म्हणालीस न्हवं, वाचलंय म्हून. हवा दबती आन डिझेल दबत न्हाय, ते." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, पण खरंच नव्हता. त्यांचे डोळे चमकत होते. "मला आपलं वाटायचं, ते आपल्या हिरीवरच्या इंजनापुरतंच हाय. पुस्तकात लिवलंय म्हंजे समद्या जगात तसंच आसंल."

मी पुस्तक काढलं, द्रव आणि वायूंचं प्रकरण उघडलं आणि ती चार वाक्यं वाचून दाखवली. त्यांनी पानावर त्या ओळींवरून हात फिरवला.

"आन आटा किती सोडायचा?" त्यांनी विचारलं. "दाबता दाबता आवळायचं, त्ये कुठं हाय?"

मी पानं उलटली. माहीत होतं तरी उलटली. "ते नाही लिहिलेलं, आत्या."

"मग निम्मंच लिवलंय की," त्या म्हणाल्या, आणि भाकरी करायला निघून गेल्या.

आबांनी चूक कबूल केली ती त्याच दिवशी, भरल्या गाडीत. मला इतकी वर्षं लागली. त्या सरांना मी खोटं सांगितलं होतं. ते मी वाचलं नव्हतं, आत्यांकडून शिकले होते; आणि पुस्तकात राहून गेलेलं निम्मंही मला त्यांनीच शिकवलं.